सुजलेले पाय कोण पाहणार?

(गावपातळीवरील आरोग्यसेवक व मंडळीचे कार्यकर्ते यांच्या बैठकीत केलेले भाषण)



लूकच्या शुभवर्तमानात, १४ व्या अध्यायात, जलोदर झालेला एक मनुष्य आहे. शब्बाथाचा दिवस, परूश्याचं घर, जेवणाची वेळ. सगळ्यांचं लक्ष येशू काय करतो इकडे. तो मनुष्य एक शब्दही बोलत नाही, 'मला बरं करा' असंही म्हणत नाही. तरी येशू त्याला पाहतो आणि बरं करतो. जलोदर म्हणजे अंगात पाणी साठणं. चार शुभवर्तमानांपैकी फक्त लूकनेच ही घटना लिहिली. पौलाने लूकला वैद्य म्हटलं आहे, ते उगाच नाही.

अक्राणीच्या डोंगरातल्या एका पाड्यावर आपली एक बहीण राहते. वय चाळिशीच्या आत. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून रात्रभर कुडाला टेकून बसायची. पायातली चांदीची कडी मांसात रुतली होती. तिला तीन ठिकाणी दाखवलं. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न, "काय दुखतंय?" सूज दुखत नाही. त्यात तिची बोली पावरी आणि प्रश्न मराठीत. ती म्हणाली, "अशक्तपणा आहे." एकाने रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्याने अंगदुखीचं इंजेक्शन, तिसऱ्याने सलाईनची बाटली लावली. ज्या अंगात पाणी मावत नव्हतं, त्यात आणखी पाणी! पायाला हात लावून कोणीच पाहिलं नाही.

मला राग आला, अजूनही येतो. पण घरी येऊन मी माझी वही उघडली. तीन आठवड्यांत तिचं वजन ४१ वरून ४७ किलो झालं होतं आणि समोर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'प्रकृतीत सुधारणा'. ते सहा किलो मांस नव्हतं, पाणी होतं. डॉक्टरांना दोष देताना मला ही ओळ विसरता येत नाही.

चौथ्या ठिकाणी एका तरुण डॉक्टरांनी तिला टेबलावर निजवलं, नडगीवर अंगठा दाबला, मानेची शीर पाहिली आणि हृदयाची सोनोग्राफी करायला पाठवलं. लहानपणीच्या सांधेतापाने हृदयाची झडप खराब झाली होती. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी आठवडाभरात पाच किलो वजन उतरलं. कित्येक महिन्यांनी ती आडवी झोपली. झडपेच्या शस्त्रक्रियेसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कागद आता चालू आहेत.

मित्रहो, सूज हा स्वतः आजार नाही, आतल्या आजाराचा निरोप आहे. हृदय थकलं की पायावर सूज येते, दम लागतो. मूत्रपिंड बिघडलं की सकाळी डोळ्यांखाली सूज दिसते, लघवीला फेस येतो. यकृत बिघडलं की पोटात पाणी होतं. आपल्याकडच्या सिकलसेलच्या रुग्णांचंही मूत्रपिंड खराब होऊ शकतं. काही वेळा रक्तदाबाच्या गोळीनेही पाय सुजतात. कारण शोधणं डॉक्टरांचं काम. सूज त्यांच्या नजरेस आणून देणं आपलं.

म्हणून चार गोष्टी करा. एक, घोट्याच्या वर नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून धरा. खळगा राहिला तर लिहून ठेवा. दोन, जुन्या आजाराच्या माणसाचं वजन एकाच काट्यावर, सकाळी घ्या. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर ती तब्येत सुधारणं नव्हे. तीन, विचारा, "रात्री किती उशा लागतात? बसून झोपता का?" चार, सुजलेल्या माणसासाठी बाटली मागू नका, अंगदुखीच्या गोळ्या मनाने देऊ नका, सुकी मासळी, लोणचं, पापड कमी करायला सांगा. लघवीची गोळीही आपल्या मनाने देऊ नका. बसल्या जागी दम लागत असेल, किंवा गरोदर बाईचा चेहरा-हात सुजले असतील, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता १०८ ला फोन करा.

दवाखान्यात रांग दाराबाहेर असते, डॉक्टरही माणसंच आहेत. वाद घालू नका, पण गप्पही बसू नका. वही पुढे करा आणि नम्रपणे म्हणा, "साहेब, एकदा पाय पाहता का?" नाही पाहिले, तर पुन्हा म्हणा.

विहिरीत पडलेल्याला शब्बाथाच्या दिवशीही बाहेर काढता ना, असं प्रभूने त्या घरात विचारलं. आपली माणसं तर स्वतःच्या अंगातल्या पाण्यात बुडतात, आणि बहुतेक वेळा हाकही मारत नाहीत. त्यांना पाहण्याची दृष्टी देव आपल्याला देवो. आमेन.