जुन्या विमान-आराखड्यांची मापे

प्रतिकृती-विमानाच्या जुन्या आराखड्यावर थेट मोजपट्टी ठेवून माप घेऊ नये. कागद आकसतो, झेरॉक्समध्ये ताणला जातो आणि तेही लांबी-रुंदीत सारखे नाही. म्हणून आधी छापील माप शोधावे. पंखांचा विस्तार ३६ इंच लिहिला असेल, तर अर्धा पंख ४५७.२ मिलिमीटर. कागदावर तो १५० मिलिमीटर भरला, तर गुणक ३.०४८. पण तो त्या दिशेपुरताच. पंखाच्या रुंदीसाठी दुसऱ्या छापील मापावरून वेगळा गुणक काढावा. लाकडाच्या जाडीला मात्र गुणक लावण्यात अर्थ नाही. बाल्साचे लाकूड ठरावीक जाडीतच मिळते. १/१६ इंच लिहिले असेल तिथे १.६ मिलिमीटरची पट्टी खुशाल वापरावी.