हिंगाच्या डबीत गहू

मी वळची. भिवंडीचं वळ, माणकोली नाक्यावरून दापोड्याच्या रस्त्याला लागलं की येतं ते. आता आमचं गाव गोडाऊनच्या मधे शोधावं लागतं. जिथे भाताची शेतं होती तिथे पत्र्याच्या शेड आहेत, आणि गावातल्या कितीतरी बायका तिथेच कामाला जातात. मीही चार वर्षं गेले. पॅकिंगचं काम, लेबल लावायचं काम. बिस्किटांचे पुडे, मसाले, दुधात घालायच्या पावडरी, शेवया, सगळं हाताखालून गेलं. लेबल सरळ लागलं का, एवढंच मी बघायचे. त्यावर लिहिलंय काय, हे मी चार वर्षांत एकदाही वाचलं नाही. आज मी तुमच्याशी त्याच वाचण्याबद्दल बोलणार आहे, कारण माझ्या मुलीचा जीव त्या बारीक अक्षरांवर चालतो.

मुलगी दोन वर्षांची होईपर्यंत चांगली होती. मग पोट फुगायला लागलं आणि हातपाय काड्यांसारखे झाले. दिवसातून चार-पाच वेळा पातळ, घाण वासाची शी. तोंड सारखं आलेलं. तिच्या बरोबरीची मुलं अंगणवाडीत उंचीच्या पट्टीवर वर सरकत होती, आमची तिथल्या तिथेच. जंताचं औषध झालं, दृष्ट काढून झाली, रक्त वाढायचं औषध सहा महिने दिलं. रक्त काही वाढेना. पोट बिघडलंय म्हणून मी तिला हलकं खायला द्यायचे, म्हणजे काय, तर रव्याची पेज आणि दुधात बुडवलेलं बिस्किट. कुणीतरी सांगितलं म्हणून ताकदीची पावडर आणली, ती निघाली माल्टची. माल्ट म्हणजे मोड आणून भाजलेली बार्ली, आपला जव. मी रोज माझ्या हाताने तिला तेच देत होते, जे तिला बाधत होतं. हे आठवलं की आजही हात थांबतो.

शेवटी मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी एक प्रश्न विचारला, जो आधी कुणी विचारला नव्हता. ‘हिला मधे कधी बरं वाटलं होतं का?’ मी नाही म्हणणार होते. पण माझ्या सासूबाई म्हणाल्या, ‘नवरात्रात बरी होती. माझ्याबरोबर उपासाचं खायची, साबुदाणा, वरीचा भात, राजगिऱ्याचे लाडू. नऊ दिवसांत शी घट्ट झाली होती. दसऱ्याला पुऱ्या खाल्ल्या आणि पुन्हा सुरू.’ आमच्या सासूबाईंना सही करता येत नाही. पण डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं आणि त्यांच्याकडे बघितलं.

त्यांनी आम्हाला मग एक गोष्ट सांगितली. नेदरलँड देशात विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. अशीच पोटं फुगलेली मुलं त्यांच्याकडे यायची, आणि त्यांना गव्हाचा संशय होताच. 1944-45 च्या हिवाळ्यात, दुसऱ्या महायुद्धात, तिथे दुष्काळ पडला. पाव मिळेना. लोक उपाशी मरत होते, पण ही आजारी मुलं मात्र सुधारली. पाव पुन्हा आला तशी ती पुन्हा आजारी पडली. 1950 मध्ये डिकेंनी त्यावर प्रबंध लिहिला. मला ऐकताना वाटलं, तिकडे दुष्काळाने जे दाखवलं ते आमच्या घरात देवीच्या उपासाने दाखवलं.

आजाराचं नाव सिलिअ‍ॅक. गहू, जव आणि राय नावाचं एक परदेशी धान्य, यांत ग्लुटेन असतं. कणीक मळल्यावर जो चिवटपणा येतो, चपाती ताणली जाते, ती या ग्लुटेनमुळे. हा आजार असलेल्या माणसाचं शरीर ग्लुटेन पोटात गेलं की आपल्याच लहान आतड्यावर हल्ला करतं. आतड्याच्या आत मखमलीसारखे बारीक तंतू असतात, अन्न शोषून घेणारे. ते झिजून सपाट होतात. मग कितीही खाऊ घाला, अंगी लागत नाही, लोहाची गोळीसुद्धा. गहू बंद केला की ते तंतू हळूहळू परत उगवतात. यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. औषध एकच, जन्मभर ग्लुटेन बंद.

उत्तरेकडे गहू जास्त खातात, तिथे हा आजार जास्त सापडतो. दिल्लीच्या बाजूला केलेल्या पाहणीत साधारण शंभरात एकाला निघाला, आणि दक्षिणेत भात खाणाऱ्या भागात फारच कमी. आपण पूर्वी तांदळाची भाकरी खाणारी माणसं. आता सकाळी चपाती, चहाबरोबर टोस्ट, डब्यात नूडल्स. म्हणून ‘हा आपल्याकडचा आजार नाही’ असं धरून बसू नका.

एक मात्र ध्यानात ठेवा. संशय आला म्हणून घरच्या घरी गहू बंद करू नका. आम्ही करणारच होतो, डॉक्टरबाईंनी थांबवलं. आधी टीटीजी नावाची रक्ताची तपासणी होते, मग गरज पडली तर दुर्बीण घालून आतड्याचा बारीक तुकडा तपासतात. गहू आधीच सोडला तर तपासणीत काही दिसत नाही आणि आजार लपून राहतो. घरात एकाला निघाला तर आईबाप, भावंडं यांचीही तपासणी करावी, जवळच्या नात्यात साधारण दहात एखाद्याला असू शकतो. आणि हा फक्त लहान मुलांचा आजार नाही. वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खाऊनही जिचं रक्त वाढत नाही, तिने डॉक्टरांना याबद्दल एकदा विचारावं. प्रत्येकीला हाच आजार असेल असं मी म्हणत नाही, विचारायला काय हरकत आहे?

आता घरातलं सांगते. चपाती, पाव, रवा, मैदा, शेवया, लापशी, कुरडया हे सगळं गव्हाचं, हे समजायला एक दिवस पुरला. जड गेलं ते ‘एवढ्याने काय होतंय’. आमच्या शेजारी सत्यनारायण होता. जाऊबाईंनी मुलीच्या हातावर प्रसादाचा शिरा ठेवला, चमचाभर. मी पाहिलं नाही. जाऊबाईंचं म्हणणं, देवाचा प्रसाद आहे, देव का बाधू देईल? रात्रीपासून उलट्या, दोन दिवस शाळा बुडाली. मी जाऊबाईंशी महिनाभर बोलले नाही. बोलणं सासूबाईंनी जुळवलं. त्या म्हणाल्या, ‘पूजेत केळंपण असतं ना? तेही प्रसादच.’ आता आमच्या आळीत पूजा असली की मुलीसाठी केळं बाजूला ठेवतात. गेल्या वर्षी जाऊबाईंनी स्वतः तांदळाच्या रव्याचा शिरा केला, वेगळ्या कढईत, वेगळ्या चमच्याने.

वेगळा चमचा हे सोवळं नाही, बरं का. चपातीच्या पोळपाटावर भाकरी थापली, पुऱ्या तळलेल्या तेलात तिचे पापड तळले, कणकेच्या हाताने तिचा भात वाढला, तरी तिला पुरेसं होतं. गिरणीचंही तसंच. आपण घरचे तांदूळ घेऊन जातो आणि आपल्या आधी गव्हाचं दळण झालेलं असतं. ते पीठ जात्यात राहतं आणि आपल्या डब्यात येतं. आधी मी सकाळी पहिलं दळण लावायचे आणि सुरुवातीचं पीठ बाजूला काढायचे, पण आदल्या दिवसाचं आत असतंच. मग गटातल्या आम्ही पाच जणींनी मिळून एक घरघंटी घेतली. तिच्यात तांदूळ, नाचणी, ज्वारी, बाजरी एवढंच दळायचं. गव्हाचा दाणा आणला की परत पाठवतो, कुणाला राग आला तरी.

आणि लपलेला गहू. सहा महिने पथ्य पाळूनही मुलीच्या तक्रारी पूर्ण जात नव्हत्या. मला काही कळेना. एके दिवशी हिंगाची डबी हातात घेतली आणि भाचीला वाचायला सांगितलं. तिने वाचलं, व्हीट फ्लोअर. बाजारात मिळतो तो बांधणीचा हिंग, म्हणजे खरा हिंग थोडा आणि बाकी डिंक आणि पीठ. काही डब्यांत ते पीठ तांदळाचं असतं, काहींत गव्हाचं. मी रोज वरणाला तोच हिंग घालत होते! मग त्या दिवशी मांडणीवरचं सगळं खाली काढलं. मेतकुटात गहू. थालिपिठाच्या भाजणीत गहू. सोया सॉसमध्ये गहू. ‘नाचणी बिस्किट’ लिहिलेल्या पुड्यात सगळ्यात पहिलं नाव मैद्याचं. घटकांची नावं वजनाप्रमाणे लिहितात, जास्त ते आधी, म्हणजे त्या बिस्किटात नाचणी नावापुरतीच. मल्टिग्रेनचंही तेच, त्यात गहू असतोच असं धरून चाला.

पुडा हातात घेतलात की पुढचं चित्र बघू नका, पाठ बघा. इंग्रजीत हे शब्द असतात: व्हीट, रिफाइंड व्हीट फ्लोअर म्हणजे मैदा, सेमोलिना म्हणजे रवा, बार्ली, माल्ट, राय. ओट्समध्ये गव्हाची भेसळ सहज होते, म्हणून आम्ही तेही आणत नाही. बकव्हीट दिसलं तर घाबरू नका, तो कुट्टू, नावात व्हीट असलं तरी गव्हाशी नातं नाही. खाली ‘कंटेन्स’ असं वेगळं लिहिलेलं असतं, कायद्याने ग्लुटेनचं धान्य असेल तर ते तिथे सांगावं लागतं. हिरव्या ठिपक्याचा अर्थ शाकाहारी एवढाच. ‘ग्लुटेन फ्री’ लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही. पण असे पुडे महाग, आणि ते लागतातच असं नाही. तांदूळ, डाळी, अंडी, बोंबील, सुकट, भाज्या, साबुदाणा, पोहे, अनारसे यांत गहू नाहीच. तरी पाकिटातलं असेल तर कंपनी तीच असली तरी दर वेळी वाचायचं, माल बदलतो. सुट्या मालावर लेबलच नसतं, म्हणून सुटा हिंग, सुटं पीठ, फरसाण आम्ही सोडलं. अक्षर बारीक असेल तर मोबाइलने फोटो काढा आणि मोठा करून बघा. शाळेतल्या मुलीला वाचायला लावा, तिचं इंग्रजीपण सुधारतं.

आता एक आपल्याच बायकांना सांगायचंय. आपले बचत गट भाजणी, मेतकूट, मसाले, पापड करून विकतात. पिशवीवर आपण गटाचं नाव आणि फूल छापतो. मी आमच्या गटाला म्हटलं, आत काय आहे ते सगळं लिहू या, हिंग कोणता तोसुद्धा. एकीला वाटलं, गहू आहे असं लिहिलं तर गिऱ्हाईक जाईल. थोडी भांडणं झाली. मग लिहिलं, मराठीत, मोठ्या अक्षरात. भाजणी दोन प्रकारची केली, एक गव्हाची आणि एक घरघंटीवरची बिनगव्हाची. दुसरी कमी खपते, पण तिच्यासाठी एक बाई कल्याणहून येते. तिच्या मुलालाही हेच आहे.

माझी मुलगी आता नऊ वर्षांची आहे. वर्गात उंचीने मधल्या रांगेत उभी राहते. दुकानात गेली की आधी पुडा उलटा करते, त्यावरून दुकानदार तिला इन्स्पेक्टर म्हणतात. वाढदिवसाला मैत्रिणींकडे जाते तेव्हा डब्यात स्वतःचं घेऊन जाते. कधी कधी रडते, केक बघून. तेव्हा मला काही सुचत नाही, मी जवळ बसते.

मंगळवारी आपल्या गटाची बैठक आहे. येताना प्रत्येकीने आपल्या घरातलं एक पाकीट आणा, हिंगाची डबी असेल तर तीच. बसून वाचू या.