वैद्य न होता रुग्णसेवा : सर ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गुणगौरवप्रसंगी केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून आम्ही गुणवंतांची नावे ऐकतो आणि दरवर्षी मागच्या रांगांत खाली घातलेल्या काही मानाही पाहतो. वैद्यकीय प्रवेश थोडक्यात हुकलेली ही मुले. “गुरुजी, आता याचे काय करावे?” असे त्यांचे वडील विचारतात, जणू पोरगे हातचे गेले. आजचे आमचे चार शब्द त्या मागच्या रांगांसाठी आहेत.

ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांचा जन्म १८९७ साली लंडन येथे झाला. वडील सर लेनर्ड हिल हे नामांकित शरीरक्रियाशास्त्रज्ञ; मुलाचाही ओढा वैद्यकाकडेच. परंतु पहिल्या महायुद्धात नौदलाचा वैमानिक म्हणून गेलेला हा तरुण क्षयाने ग्रस्त होऊन परतला आणि दीर्घकाळ अंथरुणास खिळला. वैद्यकाचे दार बंद झाले. त्यांनी टपालाने अभ्यास करून १९२२ साली लंडन विद्यापीठाची अर्थशास्त्राची पदवी मिळविली. पुढे मेजर ग्रीनवुड (मेजर हे त्यांचे नाव, हुद्दा नव्हे) या संख्याशास्त्रज्ञांच्या आश्रयाने ते वैद्यकीय संशोधनाच्या कामात शिरले. आकड्यांस बिचकणाऱ्या डॉक्टरांसाठी त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये सोप्या भाषेत लेखमाला लिहिली, १९३७ साली तिचे पुस्तक झाले.

आता ज्या कार्यासाठी त्यांचे नाव राहिले, त्याकडे वळू. १९४३ साली अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन सापडले. क्षयावर ते चालेल अशी आशा उत्पन्न झाली, पण युद्धाने खंगलेल्या ब्रिटनजवळ ते पुरेसे विकत घेण्याइतके डॉलर नव्हते. हाती आले ते मूठभर रुग्णांपुरते. ते कोणास द्यावे? डॉक्टरांनी निवडावे म्हटले, तर एखादा ज्याची दया येईल त्यास देईल, दुसरा ज्याच्या वाचण्याची आशा अधिक त्यास देईल. आणि मग रुग्ण बरा झाला तो औषधाने की निवडीने, हे ब्रह्मदेवासही सांगता येऊ नये. उत्तरपत्रिकेवरचे नाव झाकले नाही तर हात कोठे कलतो, हे आम्हा मास्तरांस पक्के ठाऊक आहे!

हिल यांनी नाव झाकण्याचीच युक्ती योजिली. दोन्ही फुप्फुसांत क्षय पसरलेले १०७ तरुण रुग्ण घेतले. कोणास औषध व कोणास केवळ विश्रांती, हे यादृच्छिक संख्यांच्या कोष्टकावरून आधीच ठरवून मोहोरबंद पाकिटांत ठेवले. रुग्ण योग्य ठरल्यावरच त्याचे पाकीट उघडावयाचे. क्ष-किरण चित्रे तपासणाऱ्यांसही ते चित्र कोणत्या गटातील, हे कळू दिले नाही. सहा महिन्यांनंतर औषध घेतलेल्या ५५ पैकी ४ दगावले होते, केवळ विश्रांती घेतलेल्या ५२ पैकी १४. हा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला.

त्या ५२ जणांचे काय, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल, आमच्याही आला. आपण अशा प्रयोगात आहोत हे त्यांना सांगितलेही नव्हते. आज तसे करता येत नाही आणि ते योग्यच आहे. परंतु औषधच सर्वांस पुरणारे नसता, वशिल्याने वाटण्यापेक्षा पाकिटाने वाटणे आम्हास अधिक न्याय्य वाटते. शिवाय नीट मोजल्यामुळेच दुसरेही सत्य उमगले. पुढे जंतू औषधास दाद देईनासे झाले आणि पाच वर्षांनी दोन गटांतील अंतर पुष्कळ घटले. म्हणूनच लागलीच दुसरे औषध जोडीस देऊन पाहिले गेले. एकाच औषधावर विसंबून न राहण्याची आजची पद्धत तेथून चालत आली.

या पद्धतीचे फळ आपल्या देशासही मिळाले. १९५६ साली मद्रास येथे क्षयरोगाचे उपचार-संशोधन केंद्र निघाले. तेथेही रुग्ण असेच वाटून काहींस आरोग्यधामात ठेवले, तर काहींस दाटीवाटीच्या गरीब घरांतच औषधे दिली. १९५९ सालच्या अहवालात घरचा उपचार आरोग्यधामाच्या तोडीचा ठरला आणि घरच्या माणसांस लागण होण्याचा धोकाही त्यामुळे वाढला नाही. चुलीपासून वर्षभर दूर जाणे जिला शक्य नव्हते, अशा किती मातांस या एका मोजणीने घरी राहू दिले असेल!

धूम्रपानाविषयी थोडक्यात सांगतो. रिचर्ड डॉल यांच्यासह हिल यांनी १९५० साली धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविला. पुढल्या वर्षी ब्रिटनमधील डॉक्टरांस प्रश्नपत्रिका धाडल्या; चाळीस हजारांहून अधिकांनी उत्तरे दिली. ज्यास डॉक्टर होता आले नाही, त्याने डॉक्टरांच्याच सवयी मोजल्या! १९६१ साली त्यांस ‘सर’ ही पदवी मिळाली. ज्यास तरुणपणी क्षयाने गाठले, तो ९३ वर्षे जगून १९९१ साली निवर्तला.

आपल्याकडे हे कुणास साधेल, असे म्हणू नये. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनला जाऊन संख्याशास्त्र शिकले, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख झाले आणि कुपोषणाचे मोजमाप हा त्यांच्या आयुष्याचा विषय ठरला.

आपल्या शिक्षणनिधीची शिष्यवृत्ती नियमाप्रमाणे वैद्यकी व अभियांत्रिकी यांनाच मिळते. त्या नियमात ‘संख्याशास्त्र’ हा शब्द घालावा, असा अर्ज आम्ही आज कार्यवाहांकडे दिला आहे. त्यावर अकरा पालकांच्या सह्या आहेत. कार्यकारिणीने तो पुढील सभेत घ्यावा आणि त्या सभेस मागच्या रांगेतील मुलांनीही यावे.