लाल्या, बोंडअळी आणि माणसाचे मन
(जिल्हा मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मी मुंबईहून आलो आहे, त्यातही आरे कॉलनीतून. तुमच्यापैकी काहींनी आरेचे नाव दुधामुळे ऐकले असेल, काहींनी २०१९ साली मेट्रोच्या कारशेडसाठी रात्रीतून झाडे तोडली तेव्हा. मुंबईच्या गल्लीबोळांतले म्हशींचे गोठे शहराबाहेर काढायचे म्हणून १९४९ साली गोरेगावला ही वसाहत उभी राहिली. माझे वडील तिथल्या एका तबेल्यात हिशेब लिहायचे. सरकीची पेंड आणि ज्वारीचा कडबा म्हशींच्या पुढ्यात पडताना पाहतच मी मोठा झालो. तेव्हा मला अगदीच परका समजू नका.

पुढे मी मानसशास्त्र शिकलो आणि कॉलेजात तेच शिकवले. मी शिकवत असे त्या विषयाचे नाव 'अपसामान्य मानसशास्त्र'. नाव ऐकूनच पोरे घाबरायची. पण या विषयाचा पहिला धडा मला कॉलेजात मिळाला नाही, तबेल्यात मिळाला. तिथे एक जुना गडी होता. पहाटे चाळीस म्हशींच्या रांगेवरून तो एक नजर फिरवायचा आणि सांगायचा, ही आजारी आहे. डॉक्टर यायच्या आत. कसे ओळखले म्हणून विचारले तर म्हणायचा, "ही रोज पहिली उठते, आज उठली नाही. रवंथ करत नाही. पेंडीला तोंड लावत नाही." शेजारची म्हैस लाथ मारायची, शिंगे उगारायची, तिला तो आजारी म्हणत नसे. ती रोजच तशी. तो म्हशीची तुलना दुसऱ्या म्हशीशी करीत नव्हता, तिच्याच कालच्या दिवसाशी करीत होता.

माणसाच्या बाबतीत आपण नेमके उलटे करतो. जो चारचौघांसारखा वागत नाही त्याला लगेच वेडा म्हणतो, आणि जो चारचौघांत बसून आतून विझत चालला आहे त्याच्याकडे लक्ष जात नाही.

आता वेडा कोणाला म्हणायचे, हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हातात गेला त्याने काय काय केले, ते ऐका. अमेरिकेत कापसाच्या मळ्यांवर गुलाम राबत होते तेव्हाची गोष्ट. १८५१ साली सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टराने एक नवा मानसिक आजार 'शोधून' काढला. लक्षण काय, तर गुलाम मालकाकडून पळून जातो! त्याला भारदस्त नाव दिले आणि उपाय सांगितला चाबकाचा. कापूस वेचणारा माणूस सुटका मागतो म्हणजे त्याचे डोके फिरले, हे त्या काळचे शास्त्र. फार लांब कशाला, पुरुषाने पुरुषावर प्रेम करणे हा अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत आजार म्हणून नोंदलेला होता, तो १९७३ साली त्यांनी मतदान करून काढला. मतदानाने हिवताप काढता येत नाही. म्हणजे या यादीत काही नोंदी शरीराच्या आहेत आणि काही समाजाच्या, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आपल्याकडच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने ही गोष्ट ध्यानात ठेवली, एवढे श्रेय मी त्याला देतो. हा कायदा २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. त्यात साफ लिहिले आहे की कोणाची आर्थिक, सामाजिक वा राजकीय स्थिती पाहून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. त्याची मते, रीत, श्रद्धा आजूबाजूच्यांना पटत नाही म्हणूनही नाही. तेव्हा रास्ता रोकोत बसला म्हणून कोणाला वेडा ठरवायची सोय राहिलेली नाही. नवरात्रात बाईच्या अंगात येते आणि तासाभराने ती उठून स्वयंपाकाला लागते, तर तोही आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची नवी यादी २०२२ पासून लागू आहे, तीसुद्धा रीतीरिवाजातले अंगात येणे आजारात धरत नाही.

मग आजार कशाला म्हणायचे? कायद्याची व्याख्या थोडक्यात अशी : विचार, भावना, आजूबाजूच्या जगाची जाण, दिशा-काळाचे भान किंवा स्मरण यांत इतका मोठा बिघाड, की माणसाची निर्णयाची ताकद, वागणे, खरेखोटे ओळखणे किंवा रोजचे व्यवहार पार कोलमडतात. दारू आणि नशेमुळे होणारे मनाचे बिघाडही त्यात येतात. जन्मापासून बुद्धीची वाढ कमी असणे मात्र त्यात येत नाही, ती वेगळी गोष्ट. म्हणजे वेगळेपण हा मुद्दा नाही. रोजचे काम बंद पडले का, हा मुद्दा आहे. तबेल्यातल्या गड्याचेच माप.

आता तुम्ही विचाराल, हे रक्त तपासून कळते का? बहुतेक आजारांत नाही कळत. इथे मला तुमचाच लाल्या मदतीला घ्यावा लागतो. कपाशीची पाने लाल झाली की आपण म्हणतो लाल्या पडला. पण लाल्या हा एक रोग आहे का? कृषी विद्यापीठवाले त्याला रोग म्हणत नाहीत, विकृती म्हणतात. कुठे मॅग्नेशियम कमी पडलेले असते, कुठे नत्र, कुठे पाण्याचा ताण, कुठे उलट पाणी साचलेले, कुठे रात्री एकदम गारठा वाढलेला, कुठे तुडतुड्यांनी रस शोषलेला. पान लालच दिसणार. नाव लक्षणावरून पडलेले आहे, कारणावरून नाही. उदासीनतेचा आजार तसाच. कोणाला तो घराण्यातून येतो, कोणाला बाळंतपणानंतर, कोणाला थायरॉइडच्या बिघाडातून, कोणाला दारूतून, कोणाला तीन वर्षांच्या नापिकीनंतर. लक्षणे सारखी : झोप जाते, अन्न गोड लागत नाही, कशात मन लागत नाही, अंग जड, डोके जड. आपल्याकडे माणूस 'मी उदास आहे' असे सांगत नाही, तो छातीत धडधडते म्हणून इंजेक्शन घेऊन येतो.

आणि किती दिवस, किती प्रमाणात, म्हणजे आजार? बोंडअळीला तुम्ही काय करता? एक पतंग दिसला की फवारा काढत नाही. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, की म्हणता नुकसानीची पातळी ओलांडली. तशीच पातळी इथे ठरवली आहे. नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, थकवा, निराशा, जगणे नकोसे वाटणे यांतले काय काय, किती दिवस झाले ते विचारायचे. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. दहा किंवा वर गेले तर तपासणीला पाठवायचे. दहा हा आकडा आभाळातून पडलेला नाही. बऱ्याच लोकांना हे प्रश्न विचारून, नंतर त्यांचीच सविस्तर तपासणी करून तो बसवलेला आहे. तरी तो सापळाच. सापळा सांगतो की शेतात जाऊन बोंडे फोडून बघा, तो बोंडे फोडत नाही.

देशाचा असा मोठा सर्व्हे २०१५-१६ साली बंगळूरच्या निम्हान्सने १२ राज्यांत केला. महाराष्ट्र त्यात नव्हता. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या मानसिक आजारात त्या वेळी होते आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते.

पण आपल्या मातीतले संशोधन वेगळे झालेले आहे, आणि ते तुम्हाला कोणी सांगितले नसेल. अमरावती जिल्ह्यात 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघरी पाठवले, त्यांच्यावर समुपदेशक आणि लागेल तिथे मानसोपचाराचे डॉक्टर. त्याचा अहवाल २०१७ साली लॅन्सेट सायकियाट्री या नियतकालिकात छापून आला. सुरुवातीला उदासीनतेच्या १०० रुग्णांपैकी उपचारासाठी कुठे गेलेले होते फक्त ४. दीड वर्षाने २७. गावातले उदासीनतेचे प्रमाण १४.६ वरून ११.३ टक्क्यांवर आले, जीव द्यायचा विचार मनात येणाऱ्यांचे ५.२ वरून २.५ वर.

टाळ्या वाजवू नका अजून. तुम्ही शेतकरी आहात. खताचा विक्रेता सांगतो की आमच्या औषधाने बोंडे वाढली, तेव्हा तुम्ही काय विचारता? औषध न मारलेली ओळ कुठे आहे, दाखव. विश्राममध्ये ती ओळ सोडलेली नव्हती. आधी मोजले आणि नंतर मोजले. मधल्या काळात पाऊसमान बदलले असेल, भाव बदलला असेल. ४ चे २७ झाले ते कामामुळेच झाले असे मी मानतो, कारण लोक आपण होऊन दवाखान्याकडे वळत नसतात. पण १४ चे ११ झाले त्याचे सगळे श्रेय मी देणार नाही.

ओळ सोडून केलेला प्रयोग झिम्बाब्वेत झाला. तोही कापूस आणि ज्वारी पिकवणारा देश. तिथल्या शोना भाषेत या आजाराला शब्द आहे त्याचा अर्थ 'अति विचार करणे'. आपण नाही का म्हणत, विचार करून करून डोक्याचा भुगा झाला! तिथे दवाखान्याच्या अंगणात बाक टाकले आणि त्यावर आज्या बसवल्या. आजी ऐकून घेते, मग दोघे मिळून एकच अडचण निवडतात आणि तिच्यावर काय करता येईल ते ठरवतात. २०१६ साली निकाल आला. सहा महिन्यांनी बाकावर बसलेल्यांत सुमारे १४ टक्क्यांना उदासीनतेची लक्षणे उरली होती, नेहमीचा दवाखाना मिळालेल्यांत ५० टक्क्यांना.

आता तुमच्या मनातला प्रश्न. पुढे बसलेले दादा मघापासून मान हलवताहेत. कापसाला भाव नाही, डोक्यावर सावकार, आणि हा मुंबईचा मास्तर सांगतो तुझ्या डोक्यात बिघाड आहे! दादा, तुमचा संशय रास्त आहे. कार्टराइटची गोष्ट मी उगाच सांगितली नाही. सेवाग्रामच्या डोंगरे आणि देशमुख या डॉक्टरांनी विदर्भातल्या शेतकऱ्यांनाच विचारले की आत्महत्या कशाने होतात. त्यांचा अभ्यास २०१२ साली आला. लोकांनी सांगितले : कर्ज, व्यसन, निसर्ग, शेतीमालाला न मिळणारा भाव, मनावरचा ताण आणि घरच्या जबाबदाऱ्या, सरकारची बेपर्वाई. लोकांनी ताण आणि भाव एकाच दमात सांगितले. वेगळे केले ते कागदाने. मयताच्या घरी मदत द्यायची की नाही हे ठरवताना कागदावर कर्ज आणि नापिकी असेल तर प्रकरण पात्र, आणि दारू, आजार, घरातले भांडण लिहिले गेले की अपात्र. म्हणून घरचे लोक आजार लपवतात, आणि आंदोलनातले आपणही लपवतो, आपला मुद्दा पातळ होईल म्हणून.

मीही लपवला आहे. माझा मामा दर्यापूरकडचा कोरडवाहू शेतकरी. एका वर्षी त्याने वखरायचे सोडले, पारावर जायचे सोडले. बैल विकले ते कोणाला न विचारता. गाव म्हणाले, आळशी झाला. मी दिवाळीला गेलो होतो, दोन दिवस राहिलो, कर्जाची चौकशी केली, भावावर तावातावाने बोललो आणि परत आलो. झोप येते का, एवढे विचारले नाही, आणि मी हाच विषय शिकवून पगार घेत होतो. मामीने विचारले. मामीनेच त्याला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेले. आठ दिवसांनी तो म्हणाला, गोळीने काही होत नाही, बंद करतो. मामी म्हणाली, पेरल्यावर आठ दिवसांत वेचणी करता काय? उदासीनतेच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त, आणि बरे वाटल्यावरही कित्येक महिने ती चालू ठेवावी लागते. हे मामीला दवाखान्यातल्या सिस्टरने सांगितलेले होते. मामाचे कर्ज गोळीने फिटले नाही. पण पुढच्या मृगाला तो शेतात होता आणि कर्जासाठी बँकेशी भांडला तोही तोच.

एक शेवटची गोष्ट, ती थेट तुमच्या घरातली आहे. श्रीलंकेने १९९५ साली सर्वांत जहाल कीटकनाशके बंद केली, १९९८ ला एन्डोसल्फान. पुढच्या दहा वर्षांत तिथले आत्महत्येचे प्रमाण निम्म्यावर आले. मरायची ऊर्मी बहुतेक वेळा थोडा वेळ टिकते. तेवढ्या वेळात हाताला जहाल विष लागले नाही तर माणूस वाचतो आणि वाचलेल्यांतले बहुतेक पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. मग लोकांना वाटले, औषधे कुलपाच्या पेटीत ठेवली तर? तिथे १८० गावांत प्रयोग केला, काही गावांत पेट्या दिल्या, काहींत नाही. २०१७ साली निकाल आला, फरक दिसला नाही. मलाही पटले असते की पेटी चांगली. ओळ सोडली म्हणून कळले. तेव्हा माझे सांगणे कुलपाचे नाही. लागेल तेवढेच औषध आणा, उरलेले घरात ठेवू नका, आणि घरात कोणी मामासारखे गप्प झाले असेल तर त्या हंगामात फवारणी दुसऱ्याला सांगा.

दवाखाना लांब असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, २०२२ पासून चालू, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येते. आणि पोलिसांच्या भीतीने कोणाला घरात दडवू नका. आत्महत्येच्या प्रयत्नाचे जुने ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून उरलेले नाही. सरकारी नोकराला काही करायला भाग पाडण्यासाठी तसा प्रयत्न केला तर मात्र तो अजून गुन्हा आहे. सरकारला कशाची भीती वाटते ते तुम्हीच बघा.

आता मंडपाबाहेर मी तासभर बसतो आहे. ज्यांना चारचौघांत विचारायचे नसेल त्यांनी तिकडे या. मायबहिणींनी आधी या, कारण उदासीनता बायकांत पुरुषांपेक्षा जास्त आढळते आणि त्यांना इथवर यायला वेळ सगळ्यांत कमी मिळतो.