अफूची सवय असलेली गर्भवती आणि तिचे मूल



माळव्यात मंदसौर, नीमच, रतलाम या भागांत दरसाल परवान्याने अफू पिकते. नीमच येथील सरकारी कारखान्यात तिच्यापासून मॉर्फिन, कोडीन यांसारखी वेदनाशामक औषधे तयार होतात. परंतु त्याच पिकाच्या बोंडांचा डोडा-चुरा उकळून पिण्याची सवयही या प्रदेशात जुनी आहे, आणि अलीकडे तिच्या जोडीला हेरॉइनची पुडी आली आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील सुमारे दोन कोटी साठ हजार नव्हे, तर सव्वादोन कोटींहून अधिक लोक अफू वा तज्जन्य पदार्थांचे सेवन करतात. त्यांत स्त्रियांचे प्रमाण थोडे. म्हणूनच त्या सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत.

अशा स्त्रीला दिवस गेले की घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, ‘आजपासून बंद कर.’ हेतू चांगला असतो. सल्ला मात्र घातक आहे. शरीराला सवय जडलेली असता अफू एकाएकी तोडली, तर मातेला जुलाब, उलट्या, अंगदुखी व तळमळ सुरू होते. गर्भही त्या ओढाताणीत सापडतो. गर्भपाताचा वा अकाली प्रसूतीचा धोका संभवतो. शिवाय अशी स्त्री बहुधा काही दिवसांतच पुन्हा नशेकडे वळते, आणि मध्यंतरी शरीराची सहनशक्ती घटलेली असल्याने पूर्वीचीच मात्रा प्राणावर बेतू शकते.

यावर उपाय म्हणजे वैद्यकीय देखरेखीखाली मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन नियमित देणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली हीच शिफारस केली. ‘एक नशा सोडवून दुसरी लावली’ हा आक्षेप वरवरचा आहे. ठरलेल्या मात्रेने रक्तातील चढउतार थांबतो, पुडीसाठी धावाधाव उरत नाही, आणि स्त्री तपासणीला येऊ लागते. गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांत मात्रा वाढवावी लागली, तर घाबरण्याचे कारण नाही.

बाळ जन्मल्यावर बहुधा एक ते तीन दिवसांत थरथर, कर्कश रडणे, शिंका, पातळ शौच, दूध न ओढणे ही लक्षणे दिसू शकतात. ती औषधाने व शुश्रूषेने बरी होतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेथाडोन घेणाऱ्या मातांची बाळे सरासरी १७.५ दिवस, तर ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्या मातांची १० दिवस रुग्णालयात राहिली. पुढे २०२३ साली अमेरिकेतील प्रयोगात असे दिसले की, बाळ पितेझोपते का व कुशीत घेतल्यावर शांत होते का, एवढ्यावर लक्ष ठेवून उपचार ठरविल्यास ते बरेच लवकर घरी जाऊ शकते. मातेची कूस हेही औषधच! मातेचे उपचार स्थिर असतील व अन्य बाधा नसेल, तर अंगावर पाजणे हितकर असते. किरकिऱ्या बाळाला अफूची बाळगोळी चाटविण्याची जुनी रीत मात्र कदापि नको. तिने श्वास थांबू शकतो.

पोलिसांच्या भीतीने अनेक स्त्रिया दवाखान्याची पायरी चढत नाहीत. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यातील कलम ६४-अ अन्वये, सेवनाच्या वा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्याचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार पूर्ण केल्यास तिला खटल्यापासून संरक्षण आहे. ही गोष्ट ग्रामसेवकांनी व आशा कार्यकर्त्यांनी घरी जाऊन सांगावयास हवी. १४४४६ या क्रमांकावर दूरध्वनीने विनामूल्य सल्लाही मिळतो.

राहिला मुलाच्या भवितव्याचा प्रश्न. अशा मुलांची वाढ, दृष्टी व बोलणे यांची वेळोवेळी तपासणी व्हावी. अंगणवाडीतील वजनाची नोंद येथे फार उपयोगी पडते. काहींना लक्ष एकाग्र करणे जड जाते, पण त्यामागे दारिद्र्य, कुपोषण व घरातील अस्थैर्य यांचाही वाटा असतो. तेव्हा शिक्षकांनी ‘अफूवालीचा मुलगा’ हा शिक्का वर्गात उच्चारू नये व इतरांना उच्चारू देऊ नये. प्रसूतीनंतरचे पहिले वर्ष मातेला पुन्हा व्यसनाकडे ओढणारे असते. या काळात तिचे औषध घाईने बंद करू नये, आणि तिला केंद्रावर नेण्यासाठी घरातील कोणीतरी सोबत जावे.