जुना संधिवात आणि नवे दुखणे
(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



वीस-वीस, पंचवीस-पंचवीस वर्षे संधिवात सोसणारी वडीलधारी माणसे आपल्या अनेक घरांतून आहेत. दुखणे जुने झाले की घर त्याला सरावते. मग एखादे नवे दुखणे उद्भवले, तरी 'तोच वात, दुसरे काय!' असे म्हणून आपण मोकळे होतो. हा समज घातक आहे, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

ज्यास डॉक्टर ऱ्हुमटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, तो केवळ झिजेचा रोग नव्हे. शरीराची रक्षणशक्तीच उलटून सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. १९४८ साली अमेरिकेत डॉ. हेंच यांनी या रोगावर कॉर्टिझोनचा प्रथम उपयोग केला व १९५० साली केंडॉल आणि राइखस्टाइन यांच्यासह ते नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. परंतु अशी स्टेरॉइड औषधे दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होतात व जंतूंशी झुंजण्याची शक्ती क्षीण होते, हेही पुढे दिसून आले. म्हणूनच नवे दुखणे रोगाचे, औषधाचे, की तिसऱ्याच कशाचे, हा शोध घ्यावा लागतो.

हा रोग बहुधा दोन्ही अंगांचे सांधे सारखेच धरतो. एकच सांधा अकस्मात सुजून गरम झाला, तर आत पू झाल्याची शंका घ्यावी. औषधांमुळे ताप येईलच असे नाही; तरीही त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मानेतून डोक्याच्या मागे कळ जाऊ लागली, हातांस बधिरता आली वा चालताना तोल जाऊ लागला, तर मानेचे वरचे मणके सैल झाले असण्याचा संभव असतो. अशा वेळी मान चोळू अगर मोडू नये; शस्त्रक्रियेचा प्रसंग आल्यास भूल देणाऱ्या डॉक्टरांस हे अवश्य सांगावे. वाकताना पाठीत एकाएकी कळ आली, तर ठिसूळ मणका दबला असू शकतो. पोटरी सुजून दुखू लागली, तर गुडघ्यामागील गाठ फुटली की शिरेत रक्त गोठले, हे तपासणीवाचून कळत नाही. छातीतील दुखण्यास तर वात कधीच म्हणू नये, कारण या रोग्यांस हृदयविकाराचा धोका इतरांहून अधिक असतो.

औषधांविषयी दोन शब्द. मेथोट्रेक्सेटची मात्रा या रोगात आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते; चुकून रोज घेतल्यास ती प्राणावर बेतते. तिचा वार भिंतीवर लिहून ठेवावा. दीर्घकाळ चाललेले स्टेरॉइड मनानेच एकदम बंद करू नये.

हा रोग पुरुषांपेक्षा स्त्रियांत दुपटी-तिपटीने आढळतो, आणि आपल्या घरांतील स्त्रिया दुखणे बोलून दाखवीत नाहीत. तेव्हा तरुण मंडळींनीच विचारावे : "आई, आजचे दुखणे रोजचेच आहे, की काही निराळे?" 'निराळे' असे उत्तर आले, तर उद्यावर ढकलू नये, हीच आमची सर्व ज्ञातिबांधवांस नम्र विनंती.