खडीची वाट आणि सायकलचं टायर



शाळा सुरू व्हायला आता थोडेच दिवस राहिलेत. यंदा बऱ्याच गटांच्या बैठकीत एकच मागणी आली, मुलीच्या सायकलसाठी अंतर्गत कर्ज. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकल मिळते, पण तो कार्यक्रम सगळ्या तालुक्यांत नाही. बाकीच्यांना सायकल विकतच घ्यावी लागते. आणि दुकानात गेल्यावर आपण काय बघतो? रंग, पुढची टोपली आणि किंमत. टायर कुणी बघत नाही. म्हणून आज मी टायरबद्दल, त्यातही त्याच्या रुंदीबद्दल बोलणार आहे.

डांबरावर कुठलीही सायकल चालते हो. प्रश्न असतो तो वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंतच्या दीड-दोन किलोमीटरचा. तिथे मुरूम असतो, सुटी खडी असते, ओढ्यात वाळू असते. मुली पडतात त्या इथेच. आणि मुलगी दोनदा गुडघे फोडून आली की घरातलं कुणीतरी म्हणतंच, राहू दे आता, शिकली तेवढं बास. म्हणून मी टायरला किरकोळ वस्तू समजत नाही.

अरुंद आणि टणक टायर सुट्या खडीत रुततं. पुढचं चाक एका बाजूला सरकतं आणि हँडल हातातून निसटतं. रुंद टायर जमिनीवर जास्त जागा धरतं आणि त्यात हवा थोडी कमी ठेवता येते. मग दगड आला की चाक उडत नाही, रबर तेवढ्यापुरतं दबतं आणि पुढे जातं. रुंद टायर जड चालतं असं सगळे म्हणतात. मोठ्या गुट्ट्यांचं टायर डांबरावर जड चालतं, हे खरं. खडीवर मात्र टणक टायर प्रत्येक दगडावर उड्या मारतं आणि पायांची निम्मी ताकद त्या उड्यांतच जाते.

शहरात हल्ली ग्रॅव्हल बाईक नावाच्या महागड्या सायकली मिळतात, खास खडीच्या रस्त्यासाठी. त्यांची टायरं बहुतेक ३८ ते ४५ मिलिमीटर रुंद असतात. आता आपल्या गावातल्या जुन्या दूधवाल्याची काळी सायकल आठवा. २८ × १ १/२ चं टायर, म्हणजे ४० मिलिमीटर! दोन कॅन लटकवून तो माणूस खडीवरूनच जात होता.

आपण मुलींसाठी घेतो ती लेडीज सायकल बहुतेक २६ × १ ३/८ ची असते. ते टायर ३७ मिलिमीटरचं धरा. वाट दाबून बसलेल्या मुरमाची असेल आणि मुलगी अंगाने हलकी असेल, तर एवढी रुंदी पुरते, उगाच जास्त पैसे घालू नका. पण वाटेत सुटी खडी किंवा वाळू असेल, किंवा मागे कॅरिअरवर धाकटी बहीण बसणार असेल, तर १.९५ इंची टायरची सायकल बघा. ते जवळजवळ ५० मिलिमीटर असतं. त्यातही मधला पट्टा गुळगुळीत आणि कडेला गुट्ट्या असलेलं घ्यावं. सगळीकडे मोठ्या गुट्ट्या असलेलं टायर दिसायला दणकट दिसतं, पण पुढच्या डांबरावर मुलीला दमवतं.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण इथे पैसे बुडतात. लेडीज सायकलवर २६ लिहिलेलं असतं आणि जाड टायरच्या सायकलवरही २६ च. पण ही दोन टायरं एकमेकींच्या चाकाला बसत नाहीत. आमच्या एका गटातल्या ताईंनी लेकीच्या लेडीज सायकलला जाड टायर बसवायचं ठरवलं. दुकानदाराने २६ नंबर ऐकून टायर बांधून दिलं. घरी आणल्यावर ते रिमवर चढेना, आणि दुकानदार परत घेईना. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत आणखी एक आकडा असतो, तो बघायचा. लेडीज सायकलच्या टायरवर ३७-५९० असं असतं. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमवर टायर बसतं तिथल्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. जाड टायरवर दुसरा आकडा ५५९ असतो. तीन सेंटिमीटरचा फरक आहे, कितीही ओढलं तरी बसणार नाही. दुसरा आकडा जुळलाच पाहिजे. म्हणून जाड टायर हवं असेल तर ते सायकल घेतानाच ठरवा, नंतर बदलू म्हणू नका.

दुसरा आकडा जुळला तरी चाकाभोवती मोकळी जागा लागते. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये, तसंच दोन्ही बाजूंच्या दांड्यांपाशी, करंगळी सहज फिरली पाहिजे. काळ्या मातीच्या गावांत तर त्याहून जास्त जागा हवी. पावसाळ्यात तो चिखल टायरला लपेटतो, मडगार्डमध्ये भरतो आणि चाक जाम होतं. मग मुलगी सायकलवर नाही, सायकल मुलीच्या खांद्यावर!

आणि हवा. चांगलं टायर घेऊनही इथे सगळं फुकट जातं. मोटारसायकलच्या हवेच्या मशीनवर पोरं सायकलचं टायर दगडासारखं करून आणतात. टायरच्या कडेला जास्तीत जास्त हवेचा आकडा पीएसआयमध्ये छापलेला असतो, त्याच्या वर कधीच जायचं नाही. हलक्या मुलीला खडीवर त्याच्यापेक्षा कमीच लागते. पण फार कमीही नको. हवा कमी असली की दगडावर आपटताना ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. पंक्चर काढणाऱ्याने अशी जोडीची भोकं दाखवली तर समजायचं, काटा नव्हता, हवा कमी होती. कॅरिअरवर ओझं असेल तर मागच्या चाकात थोडी जास्त हवा. मुलीला दप्तरासकट सायकलवर बसवून मागचं टायर बघा. खाली किंचित पसरलं पाहिजे, पण रिम जमिनीकडे गेल्यासारखी दिसता कामा नये. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हवर पंपाच्या काट्याचा नीट भरवसा धरता येत नाही, म्हणून ही डोळ्यांची परीक्षा. गटाने मिळून एक पायपंप घेतला तर चार-पाच घरांचं काम भागतं.

बाभळीचा काटा मात्र रुंद-अरुंद काही बघत नाही. त्याला जाड रबर आणि जवळ पंक्चरचं सामान, एवढाच उपाय.

कर्ज मंजूर कराल तेव्हा इतिवृत्तात सायकलच्या किमतीशेजारी टायरवरचे दोन्ही आकडे लिहून ठेवा. वर्षभराने टायर झिजलं की ते आणायला तालुक्याला बहुधा भाऊ नाहीतर मालक जातील. त्यांच्या खिशात ती चिठ्ठी द्या.